दोन स्वयंपाकांचा रविवार

२८ जुलै, सोमवार

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज, पण नाव सांगेना. "मी जयलक्ष्मीपुरमहून बोलतेय," एवढंच म्हणाली. मग कळलं, सहना. आमच्या जावयाची, रक्षितची नवी बायको. मे महिन्यात त्यांचं लग्न झालं.

"रविवारी तुम्ही दोघं दिवसभर या. मुलं खूश होतील," म्हणाली. मी "बरं, बघतो" म्हणालो.

गोदावरी भाजी निवडत होती. तिला सांगितलं. हात थांबवून तिनं विचारलं, "तिनं बोलावलं, की रक्षितनं तिच्याकडून बोलवून घेतलं?" मला काय माहीत.

चैत्राला जाऊन येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. तापाचं निमित्त झालं. आमची एकुलती एक मुलगी. तिची दोन मुलं आहेत, आभा दहाची आणि गगन सहाचा. रक्षित त्यांना अधूनमधून रविवारी आमच्याकडे सरस्वतीपुरमला सोडतो आणि संध्याकाळी घेऊन जातो. लग्न झाल्यापासून आम्ही मात्र त्या घरी गेलेलो नाही. कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. पाय उचलला नाही, एवढंच.

३० जुलै, बुधवार

सकाळी तळ्यावर फिरताना, रोजच्या सोबतीच्या संताजीरावांना सांगितलं. सांगायला नको होतं.

"गणपतराव, डोळे उघडे ठेवून जा, री," ते कानडी वळणानं म्हणाले. "मुलं तिला हाक कशी मारतात, तिच्याकडे काय मागतात, ताटात काय पडतं, सगळं बघून या. मी पोलिसात नोकरी केलीय. घरात पाऊल टाकलं की मला कळायचं."

"तुम्ही तर कंट्रोल रूममध्ये होता," मी म्हटलं.

"तिथूनच जास्त दिसतं!"

हसून सोडून दिलं. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

गोदावरीनं आज पुढची खोली झाडून काढली. पलंगावर नवी चादर घातली. मी विचारलं, कोण येणार आहे? तर म्हणाली, "मुलं."

तिच्या मनात हे बरेच दिवस असणार. मुलांनी आता इथे राहावं, शाळा इथूनही जवळच आहे, आपण दोघं अजून धडधाकट आहोत. "ती बाई वाईट आहे असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण तिला तिचं मूल होईल, मग? रविवारी रक्षितशी तुम्ही बोला. मुलीच्या बापाचं बोलणं वेगळं असतं."

मी हो म्हणालो. तिच्या आग्रहामुळे म्हणालो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मलाही हवं आहे. दुपारी या घरात दोन माणसं असतात आणि दोघंही झोपल्याचं सोंग करतात.

२ ऑगस्ट, शनिवार

गोदावरी उद्यासाठी डबा करणार म्हणते. मी म्हटलं, त्यांनी बोलावलंय, तर जेवण तिथेच असेल ना?

"जेवायला या असं म्हणाली का ती? तुम्हीच सांगितलंत, दिवसभर या म्हणाली."

ते खरं होतं.

"आणि मुलगी होती तोवर तिच्या घरी जेवलो. आता कोणत्या नात्यानं पानावर बसायचं? आपलं आपण नेलं की तिलाही त्रास नाही."

मला हे पटलं. नवा संसार, शाळेत शिकवते, एक रविवार मिळतो. त्यात सहा माणसांचा स्वयंपाक कशाला? आजच रव्याचे लाडू झाले. उद्या पहाटे वांग्याची भाजी, चपात्या, चित्रान्न.

३ ऑगस्ट, रविवार

सगळं नीट लिहून ठेवतो. उद्या गोदावरी विचारेल तेव्हा मला काही आठवणार नाही.

रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा गगन कंपाउंडवर चढून बसला होता. "ताता बंदरू, आजोबा आले!" असं ओरडत उतरला. आभा धावत आली आणि अज्जीच्या कमरेला बिलगली. सहना मागे दारात उभी होती. पुढे येऊन पायाला वाकली. गोदावरी "असू दे, असू दे" म्हणत मागे सरकली आणि गडबडीत हातातला डबा तिच्याच हातात देऊन मोकळी झाली.

"आम्ही जेवण आणलंय. तुम्हाला उगाच त्रास नको."

सहनानं डब्याकडे पाहिलं. डबा पाच पुडांचा, जड. मग म्हणाली, "आयतु, ठीक आहे. बरं केलंत," आणि आत गेली. लगेच तिनं मुलांनाही आत बोलावलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. बाहेर आली तेव्हा आभाचा चेहरा गंभीर होता. मला ते आवडलं नाही.

घर तसंच आहे. चैत्राच्या फोटोला ताजा मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, हार होता. रक्षितनं निदान एवढं ठेवलं आहे. बरं वाटलं. पाणी घ्यायला मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ओट्यावर मोठी पातेली झाकून ठेवलेली दिसली, आणि बिसिबेळे भाताचा वास होता. संध्याकाळी त्यांच्याकडे दुसरे कोणी येणार असतील. फ्रीजमध्ये पानात गुंडाळून आणखी मल्लिगे होती. तिनं स्वतःसाठी आणली असावी. केसांत मात्र तिनं माळली नव्हती.

जेवायला आम्ही पाच जण बसलो. सहना वाढत होती. गोदावरी म्हणाली, तुम्हीही बसा, तर "मी नंतर" म्हणाली. मुलं जेवली ती अशी, की जणू कित्येक दिवसांनी घरचं मिळालंय. गगननं तीन चपात्या खाल्ल्या. आमच्याकडे कधी दीड खात नाही. तो मध्येच स्वयंपाकघराकडे बघायचा, मग आभा त्याला टेबलाखालून चिमटा काढायची आणि तो पुन्हा खायला लागायचा. गोदावरीनं माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

संताजीरावांचं आठवून मी हाकेकडेही लक्ष ठेवलं. दोन्ही मुलांनी दिवसभरात सहनाला एकदाही हाक मारली नाही. गगनला माळ्यावरचा कॅरम हवा होता, तर तो स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि चौकटीवर बोटांनी टकटक करत राहिला, ती वळून बघेपर्यंत. वर्गात परवानगी मागावी तसं. ती सगळा वेळ आतच होती. बाहेर आली तरी दोन मिनिटं उभी राहायची आणि काही काम काढून परत जायची. आमच्यात बसावं असं तिला वाटत नसावं.

एरवी दिवस चांगला गेला, हे लिहिलं पाहिजे. दुपारी चौघांनी कॅरम मांडला. गगन राणी हातानं सरकवतो आणि विचारलं की "वाऱ्यानं गेली" म्हणतो. पंखा बंद होता. गोदावरी म्हणाली, "तुझ्या आईसारखाच आहेस, तिलाही असाच वारा लागायचा." हे बोलून ती हसली. चैत्राचं नाव निघाल्यावर ती हसली, असं मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. आभानं पटकन स्वयंपाकघराकडे बघितलं.

चहानंतर रक्षित व्हरांड्यात स्कूटर पुसत होता. मी गेलो. म्हटलं, "मुलं थोडे दिवस आमच्याकडे राहिली तर? थोडे म्हणजे, पुढे बघून कायमचीसुद्धा." त्यानं फडकं खाली ठेवलं. रागावला नाही. चाकाकडे बघत म्हणाला, "मामा, सहनाला विचारून सांगतो."

निघताना सहनानं गोदावरीला कुंकू लावलं. डबा घासून परत दिला, रिकामा नको म्हणून तळात साखर घातली होती. रीत तिला कळते.

रिक्षात गोदावरी म्हणाली, "आपली नातवंडं, आणि तिला विचारून!"

५ ऑगस्ट, मंगळवार

सहनाचा फोन. मीच उचलला. "पंधरा ऑगस्टला सुट्टी आहे, मग शनिवार-रविवार. तीन दिवस मुलांना पाठवते. त्यांना बरं वाटलं तर… पुढचं मग बघू." आवाज सर्दी झाल्यासारखा होता. मी विचारलं, बरं नाही का? "नाही, आरामात आहे," म्हणाली.

गोदावरीला सांगितलं. तिला वाटलं होतं भांडावं लागेल. इतक्या सहज द्यायला तयार झाली म्हटल्यावर ती म्हणाली, "बघा, सुटका हवीच होती तिला."

११ ऑगस्ट, सोमवार

खोलीत टेबल लावलं. गोदावरी सारखी बाजारात जाते आहे. आज चकलीचा सोऱ्या सापडेना म्हणून ती मलाच रागावली. घरात पुन्हा रागावणं सुरू झालंय, हे बरं लक्षण आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून मुलं सरळ इथे आली, अजून छातीवर कागदी झेंडे. बरोबर मोठी पिशवी. सगळे कपडे इस्त्रीचे, प्रत्येक दिवसाचा जोड वेगळा बांधलेला. तळाशी एक जुनी निळी ओढणी निघाली. चुकून आली असणार. चैत्रा ओढणी वापरत नसे. कपड्यांबरोबर धुवायला टाकली.

दुपारी गगन पिशवी उपसत होता. काय शोधतोस विचारलं तर "काही नाही" म्हणाला. नंतर दोरीवर ओढणी वाळताना दिसली तेव्हा तिच्याखाली जाऊन उभा राहिला, तिला नाक लावलं आणि रडायलाच लागला. साबणाचा वास त्याला आवडत नाही, असं आभा म्हणाली.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते कसं लिहावं कळत नाही. जमेल तसं लिहितो.

जेवायला बसलो होतो. गोदावरीनं मुलांच्या आवडीचं केलं होतं. गगन घास घोळवत होता. अज्जीनं आणखी एक चपाती वाढली. तो ताटाकडे बघून आभाला म्हणाला, कन्नडात, की आजही सगळं संपवायचं का? अम्मा तर इथे नाही.

"गगन, सुम्ने बस!" आभा ओरडली.

गोदावरीनं विचारलं, "कोण नाही इथे?"

गगनला गप्प बसता येत नाही, हे त्याचं आजोळाकडून आलेलं नाही. तो म्हणाला, "त्या दिवशी अम्मानं सांगितलं होतं. अज्जीनं पहाटे उठून केलंय, ते सगळं संपवा. मी केलेलं रात्री खा. आम्ही रात्री बिसिबेळे भात खाल्ला. खीर पण. माझं पोट इतकं मोठं झालं होतं." हातानं दाखवलं.

"आणि तिला हाक का नाही मारत तुम्ही?" हे मी विचारलं.

आभा रडायला लागली होती. "ते मी ठरवलं होतं. अज्जीसमोर अम्मा म्हणायचं नाही. अज्जीला वाईट वाटेल. मी अम्माला विचारलं, चालेल का. ती म्हणाली चालेल, मी आतच बसते. पण गगन सारखा विसरतो, म्हणून चिमटे काढले." मग अज्जीकडे न बघता म्हणाली, "तिला अम्मा म्हटलं तरी आईला आम्ही विसरत नाही. फोटोला फुलं मी आणि अम्मा मिळून घालतो. रोज."

चैत्राला ती दोघं आई म्हणत, मराठीत. अम्मा वेगळी. हे मला आधी सुचायला हवं होतं.

गोदावरी उठली, आत गेली. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. गगनच्या ताटातली जादा चपाती तिनं उचलली आणि म्हणाली, "साकु, पुरे. पोटात मावेल तेवढंच खायचं. मी काही मोजत नाही."

चार वाजता तिनं स्वतः फोन लावला. मी ऐकत होतो. "गगनचं ते निळं कापड धुतलं गेलं हो माझ्याकडून. वास गेला त्याचा. तुमचीच ना ओढणी? दुसरी एखादी आहे का वापरातली? आज रात्री लागेल त्याला." अर्ध्या तासात सहना स्कूटरवरून आली, फाटकातूनच पिशवी देऊन निघाली. आत या म्हटलं तरी आली नाही. "मला बघितलं तर तो माझ्याबरोबर निघेल. तुमचे तीन दिवस आहेत," म्हणाली. हेल्मेट काढलंच नाही तिनं.

१८ ऑगस्ट, सोमवार

मुलं काल संध्याकाळी गेली. घर पुन्हा शांत. पण गेल्या महिन्यातली शांतता वेगळी होती.

संताजीरावांनी विचारलं, काय तपास लागला? म्हटलं, "तुमची कंट्रोल रूम बंद करा." त्यांना कळलं नाही. मी समजावलंही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

परवा गौरी. गोदावरीनं मला बाजारात पाठवून सुपांची जोडी, बांगड्या, फणी, आरसा, रवकेचा खण आणवला. बागिनाचं सामान. माहेरून मुलीला गौरीला बागिन जातं. चैत्राला दर वर्षी जायचं. गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी आम्ही दार लावून बसलो होतो.

मी विचारलं नाही कुणासाठी. बांगड्यांचं माप मात्र मला माहीत नव्हतं. "आभाला फोन करून विचारा, पण तिला कळू देऊ नका," गोदावरी म्हणाली. आभाला लगेच कळलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी गेलो. सहना नुकतीच शाळेतून आली होती, हाताला खडू. गोदावरीनं पाटावर बसायला सांगितलं, सूप पदराखाली धरून पुढे केलं. सहना घेईना.

"हे… मला?"

"तुला नाही तर काय कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला? हात पुढे कर. सूप जड आहे."

तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ नाही. हे आम्हाला लग्नाआधी रक्षितनं सांगितलं होतं. तेव्हा कानाआड केलं होतं. तिनं सूप घेतलं, कपाळाला लावलं आणि तसंच मांडीवर धरून बसली. खाली ठेवेना. गोदावरीनं थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हणाली, "आज स्वयंपाक काय केलायस? आम्ही काही आणलेलं नाही. भूक लागलीय ह्यांना."

मला काही विशेष भूक नव्हती. पण पुरणाची होळिगे चांगली होती. दोन खाल्ल्या.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आमच्याकडे. सहना मुलांना घेऊन सकाळीच आली, रक्षित आरतीला पोचला. कडबूची पारी जाड की पातळ यावरून दोघींचं वाजलं.

"इतकी पातळ केलीस तर उकडताना फुटेल, अगं."

"नाही फुटत, बघा तुम्ही."

"बघा काय? मी कडबू करायला लागले तेव्हा तू जन्मली पण नव्हतीस."

चार फुटले. सहनानं ते बाजूला काढून मला आणून दिले, "हे तुम्ही लवकर संपवा, अप्पा, त्यांना दिसायच्या आत." अप्पा म्हणाली. मी संपवले. फुटलेलेच चांगले लागतात, गूळ बाहेर येतो.

चैत्रा असती तर दोघी मिळून माझ्यावर हसल्या असत्या. दिवसभरात हे पुष्कळदा मनात आलं. आलं आणि गेलं, दिवस थांबला नाही.

संध्याकाळी गगन पुढच्या खोलीत पलंगावर झोपून गेला, हातात मोदकाचा साचा. निघायची वेळ झाली. सहना त्याच्याकडे बघून गोदावरीला म्हणाली, "राहू दे का आज इथेच? उद्या मी शाळेतून येताना नेते. तुमची इच्छा होती ना…"

तिला सगळं माहीत होतं. रक्षितनं विचारलं होतं, आणि तिनं मुलं पाठवली होती.

गोदावरी पलंगाशी गेली. त्याच्या हातातला साचा काढून घेतला, चादर सारखी केली. मला वाटलं, हो म्हणेल. मग तिनं त्याला उचलून बसतं केलं.

"नको. सकाळी उठला की तुला शोधेल. घेऊन जा."

मी त्याला खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत गेलो. बराच जड झालाय. सहनानं दोन्ही हात पुढे केले, मी दिला.